पाटी लावली तरी गाडी तिथेच!

मंडळी, या वेळच्या टपालात निम्मी पत्रं रस्त्याचीच निघाली. हायवे, उड्डाणपूल, मेट्रो असलं मोठं काही नाही, आपल्या दारासमोरचा तो वीस-पंचवीस फुटी रस्ता, ज्याला आपण 'आमची गल्ली' म्हणतो आणि खड्डा पडला की लगेच 'महापालिकेचा रस्ता' म्हणतो, तो. मी स्वतः पुण्यात पेठेत राहते, त्यामुळे या विषयावर मला बोलायला सांगणं म्हणजे भुकेल्याला जेवतोस का विचारण्यासारखं आहे. सहा पत्रं घेतलीयेत, उरलेल्यांनी रागावू नका, पुढच्या महिन्यात बघू.

ताई, आमच्या गेटसमोर रोज कोणी ना कोणी गाडी लावून जातं. समोर कोचिंग क्लास आहे, पालक मुलाला सोडतात आणि तिथेच लावून चहाला जातात. आधी 'नो पार्किंग'ची पाटी लावली, मग 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' अशी लावली, मग दोन कुंड्या आणि एक दगड ठेवला. परवा एकाने कुंड्या उचलून नीट बाजूला ठेवल्या आणि गाडी लावली. आता काय करू? – वैतागलेले आजोबा, कोथरूड

आजोबा, कुंडी फोडली नाही ना त्याने? उचलून नीट बाजूला ठेवली? मग माणूस बोलण्याजोगा आहे असं समजा!

आधी तुमच्या बाजूचं सांगते. कोणाच्याही ये-जा करायच्या दारासमोर गाडी लावायची नाही हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे, त्याला पाटीची गरजच नाही. तेव्हा वाहतूक शाखेकडे तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, गेट आणि गाडीचा नंबर दोन्ही येतील असा फोटो काढून ठेवा. पण तुमच्या कुंड्या आणि दगड सार्वजनिक रस्त्यावर आहेत, तेही चालत नाही, आणि रात्री एखाद्या स्कूटरवाल्याला तो दगड दिसला नाही तर प्रकरण तुमच्यावर शेकेल. हवा तर अजिबात सोडू नका. हवा गेलेली गाडी तुमच्याच गेटसमोर संध्याकाळपर्यंत उभी राहते, हा साधा हिशोब ती पाटी रंगवणाऱ्याच्या लक्षात कसा येत नाही कोण जाणे.

पाट्यांचं म्हणाल तर आपण पुणेकर पाट्या लिहिण्यात हुशार, वाचणाऱ्याला मजा येते, फोटो काढतो, पुढे पाठवतो आणि गाडी तिथेच लावतो. रोज वेगळी माणसं येतात, तुम्ही किती जणांशी भांडणार? क्लासवाला मात्र एकच आहे. त्याच्याकडे जा, पण पाच वाजता गर्दीत नको, दुपारी जा, तेव्हा तो मोकळा असतो, आणि 'तुमचे पालक' असं न म्हणता 'माझा दवाखान्यात जायचा वार अमुक आहे, त्या वेळी गेट मोकळं लागतं' एवढंच सांगा. त्याच्याकडे सगळ्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, एक मेसेज त्याने टाकला की तुमच्या दोन्ही पाट्यांचं काम होतं. आणि गेटवर फक्त एवढंच लिहा, 'गाडी काढायची असल्यास फोन करतो, आपला नंबर काचेवर ठेवा'. आमच्या गल्लीत दोन घरांनी हे केलंय, लोक खरंच चिठ्ठी ठेवतात. एकाने तर चिठ्ठीत 'सॉरी काका, ५ मिनिटं' लिहून पाऊण तास लावला, पण निदान फोन लावता आला.

आमच्या सोसायटीसमोर उतार आहे आणि कॉलेजची पोरं सुसाट येतात. अर्ज करून कंटाळलो, शेवटी वर्गणी काढून गवंड्याकडून सिमेंटचा स्पीडब्रेकर घालून घेतला. गेल्या आठवड्यात रात्री एका स्कूटरवर मागे बसलेल्या बाई त्यावरून उडून पडल्या, मनगट मोडलं. त्यांचे यजमान भांडायला आले होते. आमचा हेतू चांगला होता, आमचं चुकलं का? – सेक्रेटरी, नाशिक

हो दादा, चुकलं. हेतू चांगला होता हे मला दिसतंय, पण चुकलं.

महापालिकेच्या परवानगीशिवाय रस्त्यावर काहीही बांधता येत नाही हा एक भाग झाला. पण मला तुमच्या त्या गवंड्याच्या कामाबद्दल बोलायचंय, कारण हा स्पीडब्रेकर मी न बघताच सांगू शकते कसा असेल: फूटभर रुंद, वीतभर उंच, उलट्या पन्हळीसारखा, बरोबर ना? इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी आपली संस्था, त्यांच्या मापात नेहमीचा स्पीडब्रेकर उंचीला १० सेंटीमीटर असतो आणि रुंदीला ३.७ मीटर. पुन्हा वाचा, ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट! गाडी त्यावर हळूच चढते, हळूच उतरते, २५ च्या आसपास वेग ठेवला तर पोटातलं पाणी हलत नाही आणि जोरात आलात तरच दणका बसतो. सगळी गंमत त्या रुंदीत आहे. फूटभर रुंद उंचवट्यावर हळू येणाऱ्यालाही दणका बसतो आणि जोरात येणारा पोरगा मात्र सीटवरून उठून उभा राहतो, गुडघ्यावर झेलतो आणि निघून जातो, म्हणजे ज्याच्यासाठी घातला त्याला काही होत नाही. पडतं कोण, तर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, जिला पुढचं दिसत नाही आणि धरायला एका हातात पिशवी असते. रिक्षात बसलेला मणक्याचा पेशंट, दिवस गेलेली मुलगी, सायकलवरचा दूधवाला, हे सगळे तुमच्या वर्गणीचे लाभार्थी.

आणि रंग? मला खात्री आहे रंग दिला नसणार, किंवा दिवाळीत दिला असेल चुना. स्पीडब्रेकरवर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि साधारण ४० मीटर आधी सूचनेची पाटी हवी (बघा, इथे पाटीचा उपयोग होतो). उतारावर तर हे जास्तच, कारण वरून येणाऱ्याला आडवा उंचवटा दिसतच नाही, अंधारात डांबर आणि सिमेंट सारखंच. काही जण बाजारातून रबराच्या पट्ट्या आणून ठोकतात, त्या सहा महिन्यांत उखडतात आणि बोल्ट तेवढे वर डोकं काढून राहतात, मग पंक्चरवाल्याची चांदी!

तर आता काय करायचं. आजच्या आज त्यावर रंग मारा, आणि तो काढायचं किंवा मापात करून द्यायचं पत्र विभागीय कार्यालयाला द्या, वाहतूक पोलिसांनाही त्याची प्रत द्या. आधीचे अर्ज 'गाड्या जोरात येतात' एवढंच म्हणत असतील तर ते गठ्ठ्यात जातात. तुम्ही असं करा, एक दिवस संध्याकाळी दोघं जण खुर्ची टाकून बसा, तासात किती गाड्या येतात, त्यातल्या किती सुसाट, शाळेतली मुलं कुठून ओलांडतात हे वहीत मांडा, फोटो जोडा, शाळा किंवा दवाखाना जवळ असेल तर त्यांची सही घ्या. तोवर वळणावरच्या कोपऱ्यात उभ्या असणाऱ्या गाड्या हलवा, कारण कोपरा मोकळा झाला की दोन्हीकडच्यांना एकमेक दिसतात. बंद पडलेला दिवा चालू करून घ्या आणि गेटातून बाहेर पडताना दिसत नसेल तर तो फुगीर गोल आरसा गेटच्या आतल्या खांबावर बसवून घ्या. वेग कशासाठी कमी करायचा हे पोरांना सांगायचं असेल तर आकडाच सांगा: समोर कोणी आलं हे कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तरी ३० च्या वेगाला गाडी साधारण ८ मीटर जाते आणि ५० ला १४, हे ब्रेक लागायच्या आधीचं, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं.

आणि एक राहिलं. त्या बाईंकडे जाऊन आलात का? यजमान भांडायला आले म्हणजे तुम्ही गेला नाहीत. उद्या जा, दोघं-तिघं जा, हातात काहीतरी घेऊन जा, औषधाचा खर्च विचारा. वकील काय म्हणेल ते म्हणू दे, एकाच रस्त्यावर राहता तुम्ही.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, रोज सकाळी चालत देवळात जातात. फुटपाथ असून रस्त्यावरून चालतात, आणि त्यातही उजव्या बाजूने! मी म्हणते आई डावीकडून चाला, सगळं ट्रॅफिक डावीकडून असतं. त्या म्हणतात तू मला शिकवू नकोस. तुम्हीच सांगा कोण बरोबर? – एक सून, पुणे

सूनबाई, सासूबाई बरोबर. वाईट वाटून घेऊ नका.

जिथे फुटपाथ नाही किंवा वापरता येत नाही तिथे उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. डावीकडून चाललो तर गाडी पाठीमागून येते. हे मी स्वतःच्या कोपरावर शिकलेय. दोन वर्षांपूर्वी मंडईतून येत होते, डाव्या कडेने, हातात पिशवी, वर कोथिंबिरीची जुडी, आणि मागून मोटरसायकलचा आरसा कोपराला असा लागला की पिशवी गेली गटाराकडे आणि मी बसले फुटपाथच्या कठड्यावर. तो मुलगा थांबला, पाणी दिलं, आणि म्हणाला 'मावशी तुम्ही अचानक आत आलात.' आले असेन, पुढे कचऱ्याची बादली होती ती चुकवायला एक पाऊल आत टाकलं, पण तो मागे होता, मला कसा दिसणार! त्या दिवसापासून उजवीकडून. फक्त उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं की तिथे समोरच्याला आपण दिसत नाही, तेवढ्यापुरतं डावीकडे जायचं. आणि पुण्यात राँग साइडने स्कूटरी येतात त्या नेमक्या आपल्या पाठीमागून, त्यामुळे मान तेवढी फिरवत राहायची. उलट्या दिशेने गाडी घालणं हे २०१९ पासून धोकादायक चालवण्याच्या कलमात धरलंय, पण ते कलम स्कूटरवाल्याला पाठ आहे यावर विसंबू नका.

आता फुटपाथचं. सासूबाई हट्टी आहेत म्हणून खाली उतरत नाहीत हो, एक दिवस त्यांच्याबरोबर चालून बघा. प्रत्येक बंगल्याच्या गेटशी फुटपाथ संपतो, उतरा, चढा, उतरा, चढा. मानकाप्रमाणे त्याची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको, आपल्याकडे कित्येक ठिकाणी ती गुडघ्याला जाणवेल एवढी असते. चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी, आणि प्रत्यक्षात तिथे डीपी बॉक्स, पोस्टर, पार्क केलेली बुलेट आणि वडापावची गाडी. गाडीवाल्यावर माझा राग नाही बरं का, त्याच्याकडे मी पण खाते, जागा आखून दिली नाही तर तो उभा राहणार कुठे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलंय, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना देतात, त्या दिवशी सासूबाईंना घेऊन जा, रस्त्याच्या मधोमध चालायचं सुख काय असतं ते कळेल. उरलेले ३६४ दिवस आहेतच. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की चालण्याजोगा, अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तक्रार करताना ते वाक्य लिहा, वजन पडतं.

रस्ता ओलांडताना एक बघा. सिग्नलचा वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, सत्तरीच्या पुढे तो ०.८ वर येतो. दहा मीटरच्या रस्त्याला तरुणाला आठ-नऊ सेकंद, सासूबाईंना बारा-तेरा. त्या मध्येच लाल दिवा लागला म्हणून धावायला लागल्या की पडतात. तेव्हा हिरवा दिवा आधीच लागलेला असेल तर पुढच्या हिरव्याची वाट बघायची, एवढं मात्र त्यांना सांगा. कदाचित ऐकतील, आज तुम्ही हरलात ना!

मुलगा १५ वर्षांचा, दहावीला. क्लास चार किलोमीटर लांब. सगळ्या मित्रांकडे स्कूटर आहे, आमचा एकटाच सायकलवर, त्याला लाज वाटते. गावातल्या गावातच जायचं आहे, पोलीसही लहान मुलांना काही करत नाहीत. देऊ का? – बाबा, कोल्हापूर

नाही.

एवढंच लिहिणार होते पण संपादक म्हणाले जरा सविस्तर. १६ पूर्ण झाल्यावर बिनगिअरची ५० सीसीच्या आतली गाडी चालते, तसली पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये सापडत नाही, मित्रांच्या स्कूटरी ११०-१२५ च्या आहेत, त्याला १८. मुलाने नुसती गाडी चालवली, अपघात झाला नाही तरी २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला काय झालं ते तुम्ही वाचलंयत, मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता.

विम्याचं तर लोक विसरतातच. लायसन्स नसलेल्याच्या हातून कोणाला लागलं तर कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. लाज वाटते म्हणता तर गिअरची बरी सायकल घेऊन द्या, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, हेल्मेट, आणि त्याच्याबरोबर एक रविवार तुम्ही स्वतः त्या रस्त्याने सायकलवर जा. मोठ्या चौकात बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूला उभं राहायचं नाही, ड्रायव्हरला तिथला माणूस दिसतच नाही, हे त्या चौकात उभं करून दाखवा. बॅटरीवर चालणारी, २५० वॅट आणि २५ च्या वेगाची गाडी बिनालायसन्सची मिळते, पण दुकानदार 'स्पीड खोलून देतो' म्हणाला की ती त्यात बसत नाही, तेव्हा ते खोलणं-बिलणं नको.

रात्री पाळीवरून येताना गल्लीतली चार कुत्री बाइकमागे लागतात. शेजारच्या वहिनी त्यांना आपल्याच कोपऱ्यावर खायला घालतात. बोललो तर म्हणतात मुक्या जिवांवर दया करा. – रात्रपाळीवाला, ठाणे

वहिनी दया करतायत ते ठीक, जागा चुकलीये. २०२३ च्या नियमांत कुत्र्यांना खाऊ घालायची जागा ठरवून घ्यायला सांगितलंय, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या दारापासून, मुलं खेळतात तिथून लांब. तेव्हा 'घालू नका' म्हणू नका, 'त्या मोकळ्या भिंतीपाशी आणि संध्याकाळी लवकर घाला' म्हणा, आणि कुत्र्यांच्या कानाला छोटी खाच आहे का बघा, ती असली की नसबंदी झालीये, नसेल तर वहिनींनाच पुढाकार घ्यायला लावा, त्यांचंच ती ऐकतात.

तुम्ही गल्लीत शिरताना वेग एकदम कमी करा. पळणाऱ्या चाकामागे ती धावतात, तुम्ही पिळलं की आणखी. थांबलात, आवाज दिलात तर बहुतेक वेळा गप्प होतात, चार दिवसांनी ओळखायलाही लागतात. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, हळद-चुना काही लावायचं नाही. आणि हो, हॉर्न वाजवत शिरत असाल तर रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्नला बंदी आहे बरं का. कुत्र्यांना नव्हे, तुम्हाला!

ताई, आम्ही सात जण गल्लीत क्रिकेट खेळतो. मैदान लांब आहे. काल बॉल एका काकांच्या गाडीला लागला, काही झालं नाही पण ते ओरडले आणि स्टंप घेऊन गेले. आम्ही कुठे खेळायचं? – इयत्ता सहावी, डोंबिवली

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, 'काही झालं नाही' हे जरा मलाही तपासायचंय, पण असो.

रस्ता गाड्यांचाच आहे असं काही नाही रे. मुंबईत तर पोलिसांनी २०२२ च्या मार्चमध्ये रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना खेळायला, सायकल फिरवायला दिले होते. तुमच्या सोसायटीतल्या मोठ्या माणसांना सांग की रविवारी सकाळी दोन तास सगळे आपापल्या गाड्या एका बाजूला लावा, म्हणजे तुमचं पीच मोकळं होईल. स्टंप आणायला काकांकडे सगळे मिळून जा आणि आधी सॉरी म्हणा, मग स्टंप मागा, हाच क्रम.

आता एक गोष्ट नीट ऐक, ही गमतीची नाही. बॉल दोन उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर गेला की तुम्ही त्याच्यामागे तसेच धावता. गाडी चालवणाऱ्याला तू दिसत नाहीस, तू उभ्या गाडीआड झाकला जातोस, त्याला एकदम बॉल दिसतो आणि मग तू. म्हणून नियम करा: उभ्या गाडीच्या टोकाशी आलं की थांबायचं, डोकं बाहेर काढून दोन्हीकडे बघायचं, मग बॉल. गाडीचा मागचा पांढरा दिवा लागलेला असेल तर तिच्या मागे जायचंच नाही, ती रिव्हर्स येतेय. एकाला 'गाडीऽऽ' ओरडायचं काम द्या, त्याने ओरडलं की बॅट्समनसुद्धा कडेला, त्या बॉलवर आउट धरायचा नाही. काकांच्या गाडीला डायरेक्ट लागला तर मात्र बॅट्समन आउट, म्हणजे कोणी तिकडे मारणारच नाही. प्लॅस्टिकचा किंवा टेनिसचा बॉल घ्या, सीझनचा बिलकुल नाही.

आणि बॉल कोणाच्या गॅलरीत गेला की मागायला दर वेळी सगळ्यात लहान मुलाला पाठवता ना, ते बंद करा, ज्याने मारला त्याने जायचं. काकूंना ते बरोबर कळतं.